पाहुण्यांचा हंगाम

सिरपूरहून निघालेली गोंड राजांची गादी पंधराव्या शतकात वर्धा नदीच्या काठी येऊन जिथे स्थिरावली, त्या बल्लारपुराच्या नशिबी राजधानीचे वैभव फार काळ नव्हते. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाला झरपट नदीच्या पाण्याने व्याधिमुक्त केले, सशाने कुत्र्याचा पाठलाग करावा असा चमत्कार त्याच्या दृष्टीस पडला, आणि राणीच्या सल्ल्यावरून त्याने त्या जागी चंद्रपूर वसविले, अशी जी कथा या मुलखात पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते, तिचा परिणाम एवढाच की बल्लारपूरचा किल्ला नदीकाठी मागे राहिला आणि दरबार काही कोस उत्तरेस निघून गेला. पुढे जमिनीखाली कोळसा सापडला, रेल्वे आली, १९२९ च्या सुमारास काझीपेठेचा दुवा जुळून मद्रास आणि दिल्ली यांच्या मधल्या हमरस्त्यावर हे गाव येऊन बसले, आणि १९४५ साली स्थापन झालेल्या कागद कंपनीच्या गिरणीतून आसपासच्या रानातला बांबू कागद होऊन देशभर जाऊ लागला.

तेलुगू, हिंदी, मराठी आणि गोंडी एकाच फलाटावर ऐकू येणाऱ्या या गावात दिवाळी सरली की एक निराळीच हालचाल सुरू होते. खाणीत, गिरणीत आणि रेल्वेत नोकरीस असलेली पूर्वेकडच्या गावांतली माणसे रजेचे अर्ज लिहू लागतात, आणि अर्जात कोणतेही कारण घातलेले असले तरी तोंडाने सांगावयाचे कारण एकच असते, की गावची मंडई आहे, किंवा मामाच्या गावी नाटक आहे. हे कारण ऐकणाऱ्यास त्याहून अधिक स्पष्टीकरण लागत नाही. इथल्या बल्लारशाह स्थानकावरून गोंदियाकडे जाणारी गाडी चांदा फोर्ट, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी अशी स्थानके घेत वडशाला पोचते. चांदा फोर्टच्या पुढचा हा मार्ग मूळचा बंगाल-नागपूर रेल्वेच्या अडीच फुटी रुळांचा. त्याचे रुंदीकरण विसाव्या शतकाच्या अखेरीस झाले, परंतु माणसांना पाहुणचारास पोचविण्याचे त्याचे काम रूळ अरुंद होते तेव्हापासून चालत आले आहे.

हल्ली मोठ्या शहरांतून समारंभांचे नियोजन आणि त्यांची प्रसिद्धी हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. त्याचे अभ्यासक्रम निघाले आहेत, त्यावर ग्रंथ लिहिले जातात, आणि सभागृहात प्रत्यक्ष भरणारे, केवळ पडद्यावर भरणारे व दोहोंचा संयोग साधणारे असे समारंभांचे प्रकारही पाडले जातात. या व्यवसायाचा मराठी मुलखातला इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातल्या मंडई-नाटकांच्या या हंगामाला त्यात एक संपूर्ण प्रकरण द्यावे लागेल असे माझे मत आहे. कारण सहस्रावधी माणसांना ठरल्या रात्री, ठरल्या शेतात आणून पहाटेपर्यंत बसवून ठेवण्याची विद्या इथल्या खेडुतांनी कोणत्याही पाठशाळेत न जाता सिद्ध केली, आणि तिचा पाया जाहिरातीवर न घालता निमंत्रणावर घातला. अनोळखी माणसाला भुलवून आणणे हे इथल्या आयोजनाचे सूत्र कधीच नव्हते. आपला जावई, आपली लेक, आपला व्याही, आपल्या बायकोचा भाऊ यांनी त्या रात्री आपल्या घरी असलेच पाहिजे, हे ते सूत्र होते; आणि सगळे गाव एकाच रात्री आपापल्या सोयऱ्यांना बोलावू लागले की प्रेक्षागृह आपोआप भरते.

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया मिळून जी झाडीपट्टी होते, तो तळ्यांचा आणि धानाचा मुलूख आहे. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी लोकांनी बांधलेली तळी पुढे मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात गेली आणि आज सरकारी दप्तरात ती माजी मालगुजारी तलाव म्हणून नोंदली जातात. या तळ्यांच्या पाण्यावर येणारा धान दिवाळीच्या आगेमागे कापणीस येतो. जोपर्यंत तो उभा आहे, तोपर्यंत माणसाला मान वर करावयास फुरसत नसते. आणि तो कापून, बांधून, खळ्यावर आला की बांध्या मोकळ्या होतात, हातात थोडा पैसा खेळतो, रात्री लांबतात, आणि पावसाची भीती जवळजवळ नसते. आयोजकाला जे जे हवे, म्हणजे मोकळी जागा, प्रेक्षकाची सवड, त्याच्या कनवटीचा पैसा आणि निरभ्र आकाश, ते सर्व निसर्ग या चार महिन्यांत एकदम पुरवितो. होळी आली की हे दान संपते. हंगामाच्या या दोन सीमा कोणी सभा भरवून ठरविल्या नाहीत. धानाने त्या ठरविल्या.

भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात. गुरे राखणाऱ्या गोवारी समाजाच्या ढाली, गायगोधनाचा विधी, दुकानांच्या पाली, मिठाईवाले, आकाशपाळणे, आणि या साऱ्यांच्या भोवती फिरणारी नवी लुगडी नेसलेली माणसे, असे मंडईचे दृश्य असते. परंतु आयोजनाच्या दृष्टीने तिच्यातली लक्षणीय गोष्ट निराळीच आहे. मंडईचा दिवस वहिवाटीने गावाला बांधलेला असतो. अमुक गावची मंडई भाऊबीजेला, तमुक गावची तिच्या दुसऱ्या दिवशी, त्याच्या शेजारची आणखी दोन दिवसांनी, अशी जी परंपरागत वाटणी झालेली आहे, तिच्यामुळे शेजारची दोन गावे एकमेकांचे पाहुणे पळवीत नाहीत. उलट एका गावचा यजमान दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावचा पाहुणा होतो. ज्या देशात मोठमोठ्या संस्थांना आपापल्या समारंभांच्या तारखा एकमेकींवर आदळू न देणे जमत नाही, तिथे लिहावाचावयास न शिकलेल्या पिढ्यांनी एवढ्या मोठ्या टापूचे वेळापत्रक केवळ स्मरणावर आणि सलोख्यावर चालविले, ही गोष्ट मला फार थोर वाटते.

प्रसिद्धीचे पहिले साधन कोतवालाची दवंडी. मध्य प्रांताच्या राजवटीत गावचा कोतवाल हा सरकारचा आणि मालगुजाराचा असा दोघांचाही चाकर होता. जमाबंदीची हाळी जो देई, तोच मंडईचीही देई, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी त्याच्या आवाजाची कक्षा दहा-वीस गावांपर्यंत पोचे, कारण बाजाराला आलेला प्रत्येक जण ती वार्ता मिठामिरचीबरोबर घरी घेऊन जाई. परंतु दवंडीने केवळ दिवस कळतो. बोलावणे होत नाही. बोलावणे करण्यासाठी घरचे माणूस जावे लागे. दिवाळीनंतरच्या दिवसांत खाचर जुंपून किंवा पायी, लेकीच्या सासरी जाऊन तिला मंडईसाठी माहेरी घेऊन येणे हे भावाचे कर्तव्य होते, आणि ते चुकल्यास वर्षभर बोलणे खावे लागे. प्रसिद्धीची ही पद्धत मंद होती, पण अमोघ होती.

या मंडईच्या रात्री जे सादर होई ते प्रारंभी नाटक नव्हते. दंडार, खडीगंमत, दंडीगान, राधा, डहाका असे लोककलांचे नाना प्रकार या मुलखात नांदत होते, आणि त्यांतल्या दंडारीला झाडीपट्टीच्या रंगभूमीची जननी मानण्याचा प्रघात आहे. पुरुषच स्त्रियांची सोंगे घेत. गावचेच गाणारे, गावचेच वाजविणारे, आणि पाहणारेही गावचेच. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि तिच्यातल्या या कलांचा जो आयुष्यभर पाठपुरावा केला, त्यामुळे या गोष्टी आज निदान ग्रंथांत नोंदलेल्या सापडतात. मराठी रंगभूमीचा इतिहास आपण ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी सादर केलेल्या सीतास्वयंवरापासून मोजतो, तिकिटे लावून मुंबईत केलेल्या त्यांच्या प्रयोगांना त्या इतिहासात मानाने स्थान देतो, आणि ते योग्यच आहे. पण तो इतिहास संस्थानिकांच्या आश्रयाचा, शहरी नाट्यगृहांचा आणि वृत्तपत्रांतील जाहिरातींचा आहे. झाडीतल्या नाटकाला नाट्यगृह नव्हते आणि वृत्तपत्र वाचणारा प्रेक्षकही नव्हता, तरी ते वाढले. ते कसे वाढले याचे उत्तर शहरी इतिहासाच्या चौकटीत सापडत नाही.

त्या वाढीत मालगुजारांचा वाटा होता हे मान्य केले पाहिजे. पडदे, पोषाख, गॅसच्या बत्त्या, बाहेरून बोलावलेला पेटीवाला यांचा खर्च उचलणारा एक हात गावात असणे ही मोठी सोय होती. १९५० च्या कायद्याने आणि १९५१ साली त्याच्या अंमलाने मध्य प्रदेशातली मालगुजारी नष्ट झाली, तेव्हा तो हात गेला. आश्रयदाता गेल्यावर कला मरते असा सर्वसाधारण अनुभव. इथे मात्र गावातल्या तरुणांनी मंडळे काढली, घरोघर वर्गणी बसविली, शेताभोवती कनाती उभारून दारावर तिकीट लावले, आणि जे पूर्वी मालगुजाराच्या वाड्यापुढे त्याच्या मेहेरबानीने होत असे, ते गावाच्या नावाने होऊ लागले. खर्च वजा जाता उरलेली रक्कम देवळाच्या कळसाला, शाळेच्या खोलीला, व्यायामशाळेला किंवा एखाद्या अडलेल्या घराच्या मदतीला जावी, असा संकेत पुष्कळ गावांत पडला. तिकीट काढणारा पाहुणा अशा रीतीने नकळत त्या गावच्या कामाला हातभार लावून जातो, आणि त्याच्या गावच्या नाटकाला हेही लोक जातात, म्हणून फेड होते.

दिवसा बैलजोड्यांचा शंकरपट आणि रात्री नाटक अशी जी जोडी पुढे बसली, ती मला या सबंध व्यवस्थेतली अत्यंत कुशल योजना वाटते. पटाची जागा आखलेली असते. हलक्या छकडीला जुंपलेली बैलांची जोडी वाऱ्यासारखी सुटते, धुरकरी तिच्यावर कसाबसा तोल सावरून उभा असतो, आणि सगळा निकाल काही सेकंदांच्या अंतराने लागतो. पट पाहावयास लांबलांबचे शेतकरी येतात, आणि जोड्या घेऊन येणारे तर आणखी दूरचे. आता हा दिवसभराचा जमाव सायंकाळी परत जाणार असेल तर गावाला त्याचा लाभ काय? म्हणून रात्री नाटक. आणि नाटकासाठी येणाऱ्या बायकामुलांना दिवसभर काय? म्हणून पट, आणि पटाभोवतीचा बाजार. एकाने माणूस आणावे, दुसऱ्याने त्याला थांबवावे. मधल्या काळात त्याने सोयऱ्याच्या घरी जेवावे, उपवर मुलामुलींची गोष्ट निघावी, आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या लग्नाची सुपारी फुटावी. नाटकाच्या निमित्ताने सोयरिकी जुळणे ही झाडीपट्टीत इतकी नित्याची गोष्ट आहे की ती आयोजनाच्या हेतूंतच धरावी लागते.

गावची पोरे रंग लावून स्वतःच नाटक करीत, त्या काळी नायिकेसाठी तेवढी बाहेरची नटी आणली जाई. हळूहळू बाहेरच्यांचे प्रमाण वाढत गेले आणि वडसा येथे नाट्यमंडळ्यांची कार्यालये थाटली गेली. वडसाच का, याचे उत्तर पुन्हा रेल्वेत आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्यापासून, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यापासून, वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याला दीर्घकाळ जे एकमेव स्थानक होते ते हे. वैनगंगेच्या काठचे, चारही जिल्ह्यांना जवळ पडणारे, आणि नागपूरच्या कलावंताला सहज गाठता येईल असे. देसाईगंज हे त्याचे दप्तरी नाव असले तरी नाटकवाल्यांच्या तोंडी वडसाच आहे. तिथल्या रस्त्याने चालताना एकापाठोपाठ एक नाट्यसंस्थांच्या पाट्या दिसतात, आणि अशा संस्थांची संख्या पन्नासाच्या आसपास सांगितली जाते. पावसाळा ओसरू लागला की गावोगावच्या मंडळांचे पदाधिकारी इथे येऊ लागतात. नाटक कोणते, नायक कोण, नायिका कोण, लावणीला कोण, गाड्या किती, दिवे कसे, याची बोलणी होतात. तारीख लिहिली जाते, इसारा दिला जातो, करारनाम्यावर सह्या होतात. नाटक, नेपथ्य, ध्वनी, प्रकाश, नट आणि वादक असे सगळे एकत्र घेऊन कंपनी त्या रात्री गावात उतरेल, आणि मंडप, बंदोबस्त, परवाने, तिकीटविक्री व जेवण यांची जबाबदारी मंडळाची, अशी ही वाटणी असते. बोलणी करण्यास येणाऱ्या गावकऱ्याला नाटकातले कळते. गेल्या हंगामात शेजारच्या गावी कोणत्या नटाने तिसऱ्या अंकात रडविले, हे त्याला पाठ असते, आणि तो त्याच नटाचा आग्रह धरतो.

ठरलेल्या तारखेचे पत्रक निघते, आणि ते एकदा हातात घेऊन नीट पाहण्यासारखे असते. वर देवाचे नाव. त्याखाली ठळक अक्षरांत मौजा, तालुका, जिल्हा. मग भव्य शंकरपट आणि त्यानिमित्त नाट्यप्रयोग अशी घोषणा. मिती आणि तारीख दोन्ही. नाटकाचे नाव एवढ्या मोठ्या टाइपात की चालत्या बसमधून वाचता यावे. भोवताली नटनटींची छायाचित्रे, कोणी हसणारे, कोणी डोळे वटारलेले. त्याखाली लेखक, संगीतकार, वादक. खुर्चीचे आणि जमिनीवरचे दर. स्त्रियांची बसण्याची स्वतंत्र व्यवस्था असल्याची ग्वाही. ज्याच्या शेतात प्रयोग व्हावयाचा त्या शेतकऱ्याचे नाव. आणि तळाशी मंडळ व समस्त गावकरी यांची विनंती. वरचा अर्धा भाग जाहिरातीचा असला तरी तळचा भाग लग्नपत्रिकेच्या घाटाचा आहे. ही पत्रके पानटपरीवर, पिठाच्या गिरणीवर, एस.टी.च्या थांब्यावर लागतात, आणि मग भोंगा बांधलेली गाडी गावोगाव फिरू लागते; कोतवालाच्या दवंडीचा वारसा तिने घेतला आहे. पण मंडळाचा जुना माणूस आजही सांगेल की भोंग्याने गर्दीला कळते, घर भरत नाही. घर भरण्यासाठी अजून निरोपच धाडावा लागतो.

प्रयोगाची तयारी दोनतीन दिवस आधीपासून चालते. धान कापलेल्या बांधीतली माती पुष्कळ ठिकाणी खोदून प्रेक्षकांची जागा उतरती करतात, जेणेकरून मागच्यालाही रंगमंच दिसावा. निघालेल्या मातीचा उपयोग भोवतालचा बांध आणि रंगमंचाचा चौथरा उंच करण्याकडे होतो. पृष्ठभागावर तणस पसरतात, कारण मार्गशीर्ष-पौषाची थंडी या रानात हाडे गोठविणारी असते, आणि मायबहिणी लेकरांना घोंगडीत गुंडाळून त्या तणसावर जागा धरतात. नाटक सुरू होण्यास दहा-अकरा वाजतात. एकाच नटाला हंगामात निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या नाटकांत रात्रीमागून रात्र उभे राहावे लागत असल्यामुळे तालमींना वाव थोडा. म्हणून प्रॉम्प्टर हा या रंगभूमीचा खरा सूत्रधार. तो संहिता घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य नटाच्या आधी अर्धा श्वास उच्चारतो, आणि नट ते वाक्य असे उचलतो की बघणाऱ्याला ते आत्ताच त्याच्या मनात उगवले असे वाटावे. अंकांच्या मध्यंतरात लावणी होते, चहाच्या दुकानांवर झुंबड उडते, शेकोट्या पेटतात; आणि तांबडे फुटता फुटता शेवटचा पडदा पडतो. उत्तररात्री घरी परतणाऱ्याला रानातला रस्ता धोक्याचा, वाघ-अस्वलांचा; म्हणून नाटक पहाटेपर्यंत चालविणे ही या मुलखात प्रेक्षकाच्या सुरक्षिततेचीही तरतूद आहे, हे शहरातल्या टीकाकाराने ध्यानात घ्यावे.

चांद्याच्या भूमीने याहून वेगळ्या प्रकारचे जनसमुदायही पाहिले आहेत. राणी हिराईच्या नावाशी जोडलेल्या महाकालीच्या देवळाची चैत्रातली यात्रा ही त्यांत अग्रगण्य. मराठवाड्यातून आणि तेलंगणातून देवीचे भक्त येतात, झरपटीत स्नान करतात, आणि त्यांना कोणी पत्रक धाडलेले नसते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या महान धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या सोहळ्याचे स्मरण करण्यासाठी दरवर्षी त्या जागी अपार जनसमुदाय लोटतो. साहित्य संमेलने १९७९ साली वामन कृष्ण चोरघडे यांच्या आणि २०१२ साली वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरली. यांपैकी यात्रा श्रद्धेवर, दीक्षेचा सोहळा मुक्तीच्या आकांक्षेवर आणि संमेलन संस्थेच्या यंत्रणेवर उभे असते. नाटकाचा हंगाम नात्यावर उभा आहे, म्हणूनच तो एका जागी एकदा न होता शेकडो गावांत दरवर्षी होऊ शकतो.

या व्यवस्थेवर संकटे आली ती बहुधा कायद्याच्या वाटेने. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते पहाटे सहा ध्वनिक्षेपकाला मनाई केली, आणि पुढच्या दुरुस्तीने राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देण्याचा अधिकार मिळाला. जे नाटक दहाला सुरू होऊन पहाटे संपते त्याच्या आयोजकाला यातून वाट काढताना काय यातायात पडत असेल, याची कल्पना करता येते. शहरातल्या इस्पितळाशेजारच्या गोंगाटासाठी केलेला नियम आणि रानातल्या बांधीतले नाटक यांत भेद करण्याची तरतूद असावयास हवी होती, असे मला मनापासून वाटते. दुसरा आघात ७ मे २०१४ चा. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बेकायदा ठरविल्या आणि दिवसा-रात्रीच्या जोडीतला दिवस गळून पडला. मुक्या जनावराच्या हालाचा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी पटकऱ्यांवर आहेच. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. मधल्या वर्षांत पटाविना नाटके होतच राहिली. माणसे मूलतः पटासाठी येत होती की पाहुणचारासाठी, या प्रश्नाचा निकाल त्या वर्षांनी लावून दिला.

मार्च २०२० मध्ये आलेली महामारी हे संकट मात्र निराळ्या जातीचे होते, कारण तिने पाहुण्यालाच दारात अडविले. राज्यातली नाट्यगृहे ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या आसनक्षमतेने उघडली. पण निम्मी आसने ही भाषा खुर्च्यांच्या सभागृहाला लागू पडते, तणसावर दाटीवाटीने बसणाऱ्या गावाला तिचा उपयोग काय? नट, वादक, रंगभूषाकार, मंडपवाले, भोंग्याच्या गाडीचे चालक यांची वर्षाची भाकरी चार महिन्यांवर अवलंबून. ती गेली तेव्हा किती घरांत काय अवस्था झाली असेल, ते आठवून आजही मन व्यथित होते. त्याच काळात जगभर समारंभ पडद्यावर गेले. मराठी साहित्याचे चौऱ्याण्णवावे संमेलन पुढे ढकलले जाऊन डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरले, आणि त्याचे अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीच्या कारणाने तिथे प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. तरी संमेलन झाले. अध्यक्षावाचून संमेलन होऊ शकते. पाहुण्यावाचून मंडई होऊ शकत नाही.

म्हणून या मुलखाने नव्या साधनांचा जो उपयोग केला तो विचार करण्यासारखा आहे. झाडीपट्टीतल्या नाटकांच्या चित्रफिती आज यूट्यूबवर आहेत, आणि बल्लारपूरच्या खाणीतला रात्रपाळीचा कामगारही विश्रांतीच्या वेळी त्या पाहू शकतो. पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवरून क्षणात पुण्याला गेलेल्या मुलाच्या हातात पडते. यामुळे प्रेक्षक घरीच बसेल अशी भीती व्यक्त होते. मला ती पटत नाही. चित्रफितीत नायिकेचा आक्रोश येतो. पण शेजारी बसलेल्या बहिणीने डोळे टिपले, सकाळी आत्याने गरम भाकर वाढली, आणि जाताना ओटीत तांदूळ घातले, यांतले काहीही तिच्यात येत नाही, आणि माणूस रजा मांडून येतो तो याच्यासाठी. चित्रफीत पाहून नटाची ओळख होते, आणि त्या ओळखीने पुढच्या हंगामात वडशाच्या कार्यालयात त्याच नटाची मागणी होते. म्हणजे ती प्रयोगाची प्रतिस्पर्धी न होता दूतीच झाली. दूरवरच्या नातेवाइकाला भावाने जाऊन बोलावणे आता शक्य नसते. तिथे दूरध्वनीवरच्या पत्रकाखाली नक्की या, वाट पाहतो, एवढे लिहून येते, आणि ते वाचून पुण्याचा मुलगा गाडीचे आरक्षण करतो.

२०२३ साली गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि सुमारे आठशे नाटकांचे पाच हजारांहून अधिक प्रयोग केलेल्या या विनोदी नटाच्या निमित्ताने राजधानीच्या वृत्तपत्रांनी झाडीपट्टीचे नाव छापले. त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळे यांचा झॉलीवूड हा चित्रपट या रंगभूमीविषयी येऊन गेला होता. हा गौरव उशिरा का होईना पण झाला, याचा आनंद आहे. आता एका कामाकडे लक्ष द्यावयास हवे, आणि ते चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी येथील ग्रंथालयांनी व महाविद्यालयांनी अंगावर घ्यावे असे आहे. गेल्या साठसत्तर वर्षांत छापलेली नाटकांची पत्रके अजून जुन्या मंडळांच्या पेट्यांत, नटांच्या घरी आणि छापखान्यांच्या माळ्यावर पडून आहेत. कोणत्या गावची तारीख कोणत्या तिथीला होती आणि ती केव्हा बदलली, पुरुषाच्या जागी नटीचे नाव प्रथम केव्हा छापले गेले, गॅसबत्तीची ग्वाही जाऊन विजेच्या रोषणाईची केव्हा आली, कोणाचे शेत कोणाच्या नावावर गेले, तिकिटाचा दर धानाच्या भावाबरोबर कसा चढला, हे सगळे त्यांवर छापलेले आहे. ती गोळा करावयाची तर आताच केली पाहिजेत. कारण नवी निमंत्रणे दूरध्वनीवरून जातात, आणि हंगाम संपला की जागा मोकळी करण्यासाठी ती पुसून टाकली जातात.